फोटोत कोण आहे, आणि फोटो कोणाचा आहे?



स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, काहीतरी तांत्रिक लिही." क्लाउड आणि डेटाबेस यांवर चार पानं लिहिली असती, तर तुम्ही ती न वाचता उलटली असती. शिवाय गणिताच्या बाई वाचणार आणि लाल पेन काढणार, ही धास्ती अजून गेलेली नाही. म्हणून मी गेल्या दहा-बारा वर्षांत मला लागलेल्या एका नादाबद्दल लिहिते आहे. हा नाद फोटो काढण्याचा नाही, फोटो पाहण्याचा आहे. आपल्या देशात आज काम करणारे आणि थोडे आधी होऊन गेलेले फोटोग्राफर, त्यांची पुस्तकं, त्यांची प्रदर्शनं मी शोधून शोधून पाहते.

सुरुवात ऑफिसमधूनच झाली. आमच्या टीमकडे लोकांचे फोटो साठवून ठेवणाऱ्या एका यंत्रणेचं काम होतं. माझ्या कामात फोटो म्हणजे आकड्यांनी भरलेला एक चौकोन. त्यात लग्न आहे की जेवणाचं ताट, याच्याशी यंत्राला देणंघेणं नसतं. असे कोट्यवधी चौकोन रोज येत, आणि त्यातले बहुतेक पुन्हा कधीही उघडले जात नसत. मग मनात यायचं, की इतके फोटो निघतात, त्यातले लक्षात कोणते राहतात? आणि का राहतात? या प्रश्नाचा माग काढता काढता मी थेट १८३९ पर्यंत मागे गेले. तिथून पुढे येताना जे सापडलं ते इथे मांडते.

कॅमेरा आपल्याकडे आला तेव्हा

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीची जाहीर घोषणा झाली आणि पाठोपाठ ही कला हिंदुस्थानातही पोहोचली. मुंबईत १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. नारायण दाजी होते. भायखळ्याचं संग्रहालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे ते बंधू. म्हणजे या कलेच्या पहिल्या पिढीतच आपल्याकडचा माणूस कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हे नव्हतं, पण असायला हरकत नव्हती.

त्याच काळात सरकारलाही कॅमेऱ्याचा उपयोग दिसला. १८५७ नंतर इंग्रजांना आपण राज्य करतो ते लोक नेमके कोण आहेत हे समजून घ्यायचं होतं. त्यातून 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनमधून निघाला. त्यात चारशेहून अधिक फोटो आहेत, आणि त्यांची मांडणी आहे जाती-जमातींनुसार. समोर बसलेला माणूस अमुक जमातीचा नमुना म्हणून तिथे येतो. सोबतच्या मजकुरात त्या सगळ्या समाजाचा स्वभाव कसा आहे हेही सांगून टाकलेलं असतं. फुलपाखरं टाचणी लावून पेटीत ठेवावीत आणि खाली चिठ्ठी डकवावी, तसाच हा प्रकार.

मी डेटाबेस बनवते, त्यामुळे हा ग्रंथ पाहताना मला एक गोष्ट चटकन दिसली. कोणती माहिती गोळा करायची हे ठरवणारा माणूसच शेवटी काय लक्षात राहणार हे ठरवतो. त्या तक्त्यात 'जात' हा रकाना होता. माणसाच्या नावाचा रकाना बहुतेक ठिकाणी नव्हताच.

त्याच सुमारास दुसरीकडे एक भारतीय माणूस कॅमेरा हातात घेत होता, आणि तो इंजिनिअर होता, हे सांगताना मला साहजिकच आनंद होतो. लाला दीनदयाळ (१८४४ ते १९०५) हे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीच्या थॉमसन कॉलेज ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये शिकले. हे कॉलेज म्हणजेच आजची आयआयटी रुडकी. पुढे इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं आणि नकाशे काढण्याच्या नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीचा नाद लागला आणि तो इतका वाढला की पुढे नोकरी सुटली. हैदराबादच्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबईत त्यांचे स्टुडिओ होते. सिकंदराबादला त्यांनी १८९२ मध्ये खास स्त्रियांसाठी 'जनाना स्टुडिओ' काढला. तिथे फोटो काढणारीही स्त्रीच होती, त्यामुळे पडद्यातल्या स्त्रियांना निर्धास्तपणे फोटो काढून घेता येत असे. समोरच्या माणसाला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून फोटोग्राफरने स्वतः बाजूला व्हायचं, हा विचार १८९२ चा आहे.

साडी नेसलेली प्रेस फोटोग्राफर

होमाई व्यारावाला हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ मध्ये नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा शिकवला तो माणेकशॉ यांनी, ज्यांच्याशी पुढे लग्न झालं. सुरुवातीच्या काळात होमाईंचे फोटो माणेकशॉंच्या नावावर छापले जात. तिशी-चाळिशीच्या दशकातल्या मुंबईत त्यांनी काढलेल्या फोटोंत जे. जे.मधल्या त्यांच्या मैत्रिणी आहेत, रस्ते आहेत, कामावर निघालेल्या बायका आहेत.

१९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. फाळणीच्या योजनेवर नेते हात वर करून मत देत आहेत तो जून १९४७ मधला प्रसंग, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, कबूतर सोडणारे नेहरू, हे सगळं त्यांनी टिपलं. जड कॅमेरा आणि फ्लॅश खांद्याला, अंगावर साडी, आणि सायकलवरून दिल्लीभर फिरणं. बातमीदारांच्या घोळक्यात त्या बहुतेक वेळा एकट्याच बाई असत. 'डालडा १३' हे त्यांचं टोपणनाव. जन्म १९१३ चा, होणाऱ्या नवऱ्याची भेट तेराव्या वर्षी, आणि गाडीचा नंबर निघाला डीएलडी १३, म्हणून डालडा १३! १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. पुढची चाळीस वर्षं त्या अतिशय साधेपणाने जगल्या, त्यातली बरीचशी बडोद्याला. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि जानेवारी २०१२ मध्ये त्या गेल्या.

मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा वर्गात मुली मोजक्या होत्या, आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीटिंगमध्ये मी कित्येकदा एकटीच असे. तेव्हा होमाईंचं नाव मला माहीत असतं तर फार आधार वाटला असता. आता माझ्या टेबलासमोर त्यांचा फोटो लावलेला आहे. नव्याने रुजू झालेल्या मुली विचारतात, "या कोण?" मग मी चहा मागवते आणि सांगते.

आणखी दोन इंजिनिअर

रघु राय यांनी शिक्षण घेतलं ते सिव्हिल इंजिनिअरिंगचं. थोरले बंधू एस. पॉल फोटोग्राफर होते, त्यांच्यामुळे हातात कॅमेरा आला. गोष्ट १९६५ च्या सुमाराची. एका गावात गाढवाचं पिल्लू दिसलं, राय त्याच्या मागे धावत सुटले आणि पिल्लू थकून थांबलं तेव्हा फोटो काढला. भावाने तो लंडनच्या 'द टाइम्स'कडे पाठवला आणि तो छापून आला. इंजिनिअरिंग तिथेच संपलं. १९७२ मध्ये पद्मश्री, आणि १९७७ मध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ या थोर फ्रेंच छायाचित्रकाराने मॅग्नम या जगप्रसिद्ध संस्थेसाठी त्यांचं नाव सुचवलं.

पण त्यांचा जो फोटो विसरता येत नाही तो भोपाळचा आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. दफन होत असलेल्या एका लहान मुलाचा चेहरा मातीतून दिसतो आहे आणि एक हात शेवटचा त्या कपाळावरून फिरतो आहे, असा तो कृष्णधवल फोटो. त्याच मुलाचा पाब्लो बार्थोलोम्यू यांनी काढलेला रंगीत फोटो 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा त्या वर्षीचा सर्वोत्तम फोटो ठरला. आपण तेव्हा बालवाडीत होतो, जवळपास त्याच मुलाच्या वयाचे. जगभर पोचलेल्या या चेहऱ्याला नाव मात्र नाही. तो फोटो 'अनामिक मूल' म्हणूनच ओळखला जातो. नाव नसण्याचेही प्रकार असतात. 'पीपल ऑफ इंडिया'मध्ये नाव विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि इथे सांगायला कोणी उरलं नव्हतं.

दुसरा इंजिनिअर अमेरिकेतला. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण विद्युत अभियंत्याने १९७५ मध्ये फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो. एका फोटोत उभे शंभर आणि आडवे शंभर, असे एकूण १०,००० ठिपके. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत, आणि कॅसेट म्हणजे आपण गाणी ऐकायचो तीच. आज खिशातल्या साध्या फोनच्या फोटोत पाच कोटी ठिपके असू शकतात. फिल्म विकून मोठी झालेल्या कोडॅकने त्या शोधाकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, आणि जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. फोटो फुकट झाला, तसा तो काढण्याआधी विचार करण्याचं कारणही संपलं. आपल्या वेळी छत्तीस फोटोंचा रोल असायचा, सहलीला दोन रोल म्हणजे चैन. म्हणून आज जे फोटोग्राफर वर्षानुवर्षं एकाच विषयाशी थांबून राहतात, त्यांच्याबद्दल मला विशेष आदर वाटतो. आता त्यांतल्या तिघांबद्दल.

फायलींचे गठ्ठे: दयानिता सिंग

दयानिता सिंग यांचा जन्म १९६१ मध्ये दिल्लीत झाला. शिक्षण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि नंतर न्यूयॉर्कला. पहिलं पुस्तक १९८६ मध्ये निघालं ते तबलानवाज झाकिर हुसेन यांच्यावर. २०२२ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. फोटोग्राफीतला हा जगातला अतिशय मानाचा पुरस्कार, आणि भारतातल्या छायाचित्रकाराला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

त्यांचं 'फाइल रूम' हे २०१३ चं पुस्तक मी पुन्हा पुन्हा काढून बसते. त्यात सरकारी दप्तरखाने आहेत, कचेऱ्यांतली अभिलेखागारं आहेत. छतापर्यंत भिडलेले मांडे, लाल कापडात बांधलेले गठ्ठे, सुतळ्या, धूळ, आणि मधूनच कागदांच्या ढिगाऱ्यात शांतपणे बसलेले कारकून. तहसील कचेरीत सात-बाराच्या उताऱ्यासाठी ताटकळलेल्या कोणालाही ही खोली ओळखीची वाटेल. आमच्या धंद्यात आम्ही अशा खोल्या रिकाम्या करून सगळं संगणकावर चढवतो आणि त्याला प्रगती म्हणतो. ती प्रगती आहेच. पण त्या फोटोंतला कारकून बघा. कुठला कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे हे फक्त त्याला ठाऊक असतं. तो निवृत्त झाला की खोली तीच राहते, गठ्ठे तेच राहतात, कागद मात्र हरवतो. आमच्याकडेही अगदी असंच होतं, फक्त धूळ दिसत नाही.

दयानिता सिंग यांची आणखी एक गंमत म्हणजे त्या फोटो भिंतीवर कायमचे टांगत नाहीत. लाकडी घड्या असलेल्या चौकटी त्यांनी बनवल्या आहेत, त्यांना त्या 'म्युझियम' म्हणतात. त्यातले फोटो हलवता येतात, क्रम बदलता येतो. एकच फोटो शेजारी दुसरा आला की वेगळी गोष्ट सांगू लागतो.

रात्रीची मुंबई: सुधारक ओलवे

सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून मोठी कारकीर्द केली आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण वृत्तपत्राच्या रोजच्या कामापलीकडे जाऊन त्यांनी वर्षानुवर्षं मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. हे कामगार बहुसंख्येने दलित समाजातले. कचऱ्याच्या गाडीत उभे असलेले, गटाराच्या तोंडातून अर्धे वर आलेले, मेलेलं जनावर उचलणारे. आणि त्याच फोटोंच्या मालिकेत त्यांची घरं आहेत, बायकामुलं आहेत, मावळणारी तब्येत आहे, दारू आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे.

मी हे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा दोन-तीन पानांनंतर पुस्तक मिटलं, आणि मग पाणी पिऊन पुन्हा उघडलं. घाण दिसते म्हणून त्रास होत नाही. त्रास होतो तो माणूस आपल्याकडे सरळ बघतो त्याचा. ओलवे यांनी दया यावी म्हणून हे फोटो काढलेले नाहीत. ज्या शहरात मी काही वर्षं नोकरी केली, तिथे सकाळी आठ वाजता रस्ता झाडलेला असायचा. तो कोणी, किती वाजता आणि कोणत्या अवस्थेत झाडला, हे त्या फोटोंत आहे.

मैला हाताने उचलण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, दुसरा अधिक व्यापक कायदा २०१३ चा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागला, याचाच अर्थ माणसं अजून गटारात उतरत होती आणि मरत होती. एका फोटोने कायदा बदलत नाही, हे मलाही कळतं. पण 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय मात्र असे फोटो काढून घेतात.

शाळेच्या भिंती आणि जव्हारचे मुखवटे: गौरी गिल

गौरी गिल यांच्याबद्दल मी शेवटी लिहिते आहे, कारण त्यांचं काम आपल्या या मेळाव्याच्या सर्वांत जवळचं आहे. त्यात शाळा आहे.

१९७० मध्ये चंडीगडला जन्मलेल्या गिल १९९९ पासून पश्चिम राजस्थानातल्या खेड्यांत जात आल्या आहेत. एका गावात शाळेतल्या मुलीला शिक्षक मारताना त्यांनी पाहिलं, आणि खेड्यातल्या शाळांवर काम करावं असं ठरवलं. पुढे ते काम शाळेबाहेर पसरलं. जन्म, मरण, दुष्काळ, पूर, आजार असं सगळं त्यात येत गेलं. 'नोट्स फ्रॉम द डेझर्ट' या नावाने ते ओळखलं जातं आणि त्याला २०२३ चा प्री पिक्ते हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'द मार्क ऑन द वॉल' या मालिकेत तर फक्त शाळांच्या भिंती आहेत. भिंतींवर रंगवलेले नकाशे, बाराखडी, शरीराचे भाग, फळांची चित्रं. ती भिंत पाहिली की आपल्या पाचवीच्या वर्गातला हिरव्या रंगाचा महाराष्ट्र आठवतो. मुंबईच्या जागी कोणीतरी बोट ठेवून ठेवून तिथला रंगच उडवला होता!

२००३ मध्ये लूणकरणसर इथे 'बालिका मेळा' भरला होता. मुलींची जत्राच ती. तिथे गिल यांनी तंबूत एक साधा स्टुडिओ मांडला. थोडंफार सामान ठेवलं आणि मुलींना सांगितलं, तुम्हाला हवं तसं उभं राहा. कोणी मैत्रिणीचा हात धरून उभी राहिली, कोणी डोक्यावर कागदी टोपी घालून. फोटोंखाली मुलींची नावं आहेत. २०१० मध्ये गिल पुन्हा तिथे गेल्या. 'पीपल ऑफ इंडिया'पासून या तंबूपर्यंत यायला जवळपास दीड शतक लागलं.

त्यांचं पुढचं काम आपल्या महाराष्ट्रातलं आहे. २०१३ मध्ये एका प्राथमिक शाळेसाठी फोटो काढायला त्या डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावी गेल्या. तिथे वारली चित्रकार राजेश वांगड यांची साथ मिळाली. वांगड त्यांना गावाचा परिसर दाखवत आणि प्रत्येक जागेची कथा सांगत. इथे हे झाडं होतं, इथे देव, इथे अमुक घडलं. फोटोत मात्र दिसे फक्त मोकळं माळरान. मग गिल यांनी आपले कृष्णधवल फोटो वांगड यांच्यापुढे ठेवले आणि वांगड यांनी त्यावरच शाईने वारली चित्रं काढली. कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते गावच्या माणसाने भरलं. या मालिकेचं नाव 'फील्ड्स ऑफ साइट', आणि तिच्यावर दोघांचाही हक्क आहे.

जव्हारला बोहाड्याचे सोंगांचे मुखवटे बनवणारे कोकणा आणि वारली कारागीर आहेत. कागदाच्या लगद्याचे ते मुखवटे देवादिकांचे आणि राक्षसांचे असतात. गिल यांनी त्यांना विनंती केली, की आजच्या जगण्यातले मुखवटे करा. मग माणसांचे, प्राण्यांचे, रोजच्या वापरातल्या वस्तूंचे मुखवटे तयार झाले. गावातलीच माणसं ते घालून दुकानात, दवाखान्यात, घरात नेहमीची कामं करत उभी राहिली आणि फोटो निघाले. 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही मालिका २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या संग्रहालयात लागली होती. आदिवासी माणसाचा फोटो म्हटला की पाहणारा आधी चेहरा बघतो आणि चेहऱ्यावरून माणूस ठरवून मोकळा होतो. इथे चेहराच दिसत नाही. काय दाखवायचं ते आतला माणूस ठरवतो.

आता आपल्या फोटोकडे वळूया

या सगळ्या इतिहासातून मी माझ्यापुरते तीन प्रश्न उचलले आहेत. फोटोत कोण आहे? त्याचं नाव लिहिलं आहे का? आणि कसं दिसायचं हे त्याला विचारलं होतं का?

मेळाव्यासाठी सगळ्यांकडून आलेल्या जुन्या फोटोंचं संकलन माझ्याकडे आहे. आपल्या दहावीचा, १९९५ सालचा ग्रुप फोटो त्यात सात जणांनी पाठवला. त्यात मुख्याध्यापक आहेत, सर्व शिक्षक आहेत, आपण सगळे आहोत. मधल्या रांगेत दोघांनी डोळे मिटले आहेत, कोण ते लिहीत नाही. शिपाईमामा त्यात नाहीत. माठ भरणाऱ्या आणि वर्ग झाडणाऱ्या मावशी नाहीत. त्या काळी जवळपास सगळ्याच शाळांची रीत तशी होती. बेंच लावणं आणि रांगा सरळ करणं हे मामांचं काम, आणि ते झालं की फोटोच्या वेळी ते बाजूला उभे राहायचे. गंमत म्हणजे एका फोटोत अगदी उजव्या कडेला कोणाचा तरी खाकी बाहीचा हात आला आहे. बहुधा तो मामांचाच.

त्या सातांपैकी एकाही फोटोच्या मागे नावं नाहीत. आज आपल्याला ती पाठ आहेत. पण आपल्या मुलांच्या हाती हा फोटो पडेल तेव्हा आपणही अनामिकच असणार. फाइल रूममधला कारकून निवृत्त झाल्यावर जे होतं तेच इथे होईल.

म्हणून तीन सूचना. पहिली माझ्या धंद्यातली आहे. जुना फोटो पाठवायचा असेल तर तो नीट स्कॅन करा, आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका. तिथे तो लहान केला जातो आणि त्याच्या आत दडलेली तारखेसारखी माहितीही निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर आणा. महत्त्वाच्या फोटोच्या तीन प्रती हव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात, आणि त्यातली एक घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी हवी. हा आमच्याकडचा जुना आणि अनुभवाने टिकलेला नियम आहे. कागदी प्रत काढलीत तर उत्तमच. कागदाला पासवर्ड लागत नाही.

दुसरी सूचना. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, डावीकडून उजवीकडे सगळ्यांची पूर्ण नावं लिहा. मुलींची माहेरचीही लिहा, कारण शाळेच्या हजेरीपटात आपण त्याच नावाने आहोत.

तिसरी सूचना या मेळाव्यापुरती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पायऱ्यांवर आपण पुन्हा ग्रुप फोटो काढणार आहोत. शाळेत काम केलेले शिपाई, सफाई कर्मचारी, प्रयोगशाळेतले मदतनीस यांच्यापैकी जे गावात आहेत त्यांना समितीने आमंत्रण दिलं आहे. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची असेल. पण बसायचं की उभं राहायचं, यायचं की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. आग्रह करून ओढून आणलं तर आपल्या हौसेसाठी त्यांना मांडून ठेवल्यासारखं होईल. एखाद्या मावशीने "मला नको बाई, तुमचा काढा" म्हटलं, तर "बरं" म्हणायचं, आणि नंतर त्यांच्याशेजारी बसून चहा प्यायचा.

एक काम मात्र अडलं आहे. शिपाईमामांना आपण सगळे 'मामा'च म्हणायचो. त्यांचं पूर्ण नाव कोणाला माहीत असेल तर सभागृहाच्या दाराशी फोटोंच्या टेबलावर येऊन सांगा. दोन्ही दिवस मी तिथे पेन्सिल घेऊन बसलेली असेन.